कार्लाइलकृत फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास : एक परीक्षण

टॉमस कार्लाइल याचा फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथ १८३७ सालीं तीन भागांत प्रसिद्ध झाला. पहिल्या भागाचें हस्तलिखित जॉन स्टुअर्ट मिल याजकडे वाचावयास दिलें असतां तें जळून गेलें व ग्रंथकारानें तो सर्व भाग पुन्हां लिहून काढिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. अशा जिद्दीच्या लेखकाविषयीं आदर बाळगूनच हें परीक्षण लिहीत आहों. आमचा आक्षेप त्याच्या भाषेवर नाहीं. लोकांनीं राजसत्ता उलथून पाडिली ती कशी, या एका प्रश्नाचें उत्तर तो चुकीचें देतो, एवढेंच आमचें म्हणणें.

त्यासाठीं १० ऑगस्ट १७९२ हा दिवस पाहावा. बास्तिल १४ जुलै १७८९ रोजीं पडली खरी, पण पुढें तीन वर्षें सोळावा लुई राजाच होता. सिंहासन हातचें गेलें तें या ऑगस्टांत. त्या रात्रीचा घंटानाद कार्लाइलच्या पानांतून ऐकूं येतो. स्विस शिपायांचा अंत वाचतांना डोळे पाणावतात. शहराच्या विभागसभांचा उल्लेख तो करीत नाहीं असें नाहीं. पण उल्लेख करून पुढें धांवतो. त्याच्या लेखीं लोक म्हणजे वणवा, आणि वणवा कोणी ठराव करून पेटवीत नाहीं.

ठराव तर झाले होते! पॅरिसचे ४८ विभाग होते. एप्रिलांत ऑस्ट्रियाशीं युद्ध जुंपलें. राजा शत्रूस आंतून सामील आहे हा संशय बळावत चालला. २५ जुलैस विधिमंडळानें विभागसभांना अखंड बसण्याची मोकळीक दिली. पुरेसा कर भरीत नाहींत म्हणून मताधिकारास मुकलेल्या गरिबांना एका विभागानें ३० जुलैस आपल्या सभेंत घेतलें. ३ ऑगस्टला ४७ विभागांच्या नांवानें नगराध्यक्ष पेतियाँ यानें राजाच्या पदच्युतीची मागणी विधिमंडळापुढें वाचली. कँझ-व्हाँ विभागानें तर ९ तारखेच्या मध्यरात्रीची मुदतच घातली. मुदत भरतांच विभागांचे प्रतिनिधि नगरभवनांत जमले व त्यांनीं जुन्या नगरसभेस बाजूस सारलें. राजवाड्याच्या बंदोबस्तावरील सेनानी मांदा बोलावण्यावरून तेथें आला, कैद झाला आणि मारला गेला. त्याची जागा सांतेर यास मिळाली. सकाळीं राजानें रक्षकदलाची पाहणी केली, तेव्हां कित्येकांनीं त्याच्या तोंडावर विरोधी घोषणा दिल्या. शेवटीं रोदरेर याच्या सल्ल्यानें तो सहकुटुंब विधिमंडळाच्या आश्रयास गेला. तुइलरी राजवाड्यावर पहिली गोळी सुटली तेव्हां आंत राजा नव्हता, बाहेर त्याचा सेनापति नव्हता, आणि रक्षकदल बव्हंशीं फितलें होतें. सुमारें ६०० स्विस पडले ते ओस सिंहासनासाठीं. २१ सप्टेंबरचा राजपद नष्ट करणारा ठराव ही मागाहूनची नोंद होय.

हें कार्लाइलला कां दिसलें नाहीं? त्याची मुख्य भिस्त बुशे व रू यांच्या छापील संग्रहावर आणि आठवणींच्या ग्रंथांवर. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें क्रांतिकाळच्या पत्रकांचा मोठा संग्रह होता. पण याद्या धड नाहींत म्हणून त्याचा नीट उपयोग होत नाहीं, ही त्याची तक्रार होती. तक्रार रास्त असेल. परंतु पॅरिसचीं दप्तरें धुंडाळण्यास तो गेला नाहीं, त्याचें काय? १८७१ सालीं तेथील नगरभवन जळालें आणि शहराचे पुष्कळसे जुने कागद नष्ट झाले. १८३७ पूर्वीं ते शाबूत होते. बखर व अस्सल पत्र यांतील भेद जाणणाऱ्या आमच्या वाचकांस या हानीचें मोल सांगावयास नको.

त्याला कागदांची पारख नव्हती असें मात्र म्हणवत नाहीं. 'व्हेंझर' हें फ्रेंच जहाज शरण न जातां जयघोष करीत बुडालें, ही दंतकथा त्यानें प्रथम खरी मानिली. पुढें तें युद्ध डोळ्यांनीं पाहिलेल्या एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्यानें ती खोटी ठरविली. तेव्हां कार्लाइलनें चौकशी केली, १८३९ सालीं त्यावर निबंध लिहिला व ग्रंथांत दुरुस्ती केली. एका जहाजासाठीं घेतले तेवढे श्रम त्यानें ४८ विभागांसाठीं घेतले नाहींत.

ते श्रम इतरांनीं केले. जॉर्ज रूदे यानें १९५९ सालच्या आपल्या ग्रंथांत वांचलेल्या पोलिसी व इतर कागदांवरून त्या जमावांतील माणसें हुडकून काढिलीं. बास्तिल घेणाऱ्यांपैकीं ६६२ जणांच्या यादींत त्यास आढळले ते बहुतेक सुतार, कुलुपें करणारे, मोची असे धंदेवाले, आणि त्यांतील पुष्कळ जवळच्याच सेंट आंत्वान मोहल्ल्यांतील. कार्लाइलचा ग्रंथ जरूर वाचावा. मात्र १० ऑगस्टचें प्रकरण वाचतांना ही यादी शेजारीं असूं द्यावी.