पाच जणांची साडेतीन मिनिटं

(अकोले इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आम्ही पाच जण आहोत. बोलणार एकच जण, पण हे टिपण पाचांनी मिळून लिहिलंय, आणि लिहितानाही भांडण झालंच. त्यामुळे मी 'आम्ही' म्हणालो की त्यात चौघांची संमती आणि एकाची कुरकुर आहे असं समजा. कुरकुर करणारा दर परिच्छेदाला बदलतो.

विषय आहे विद्यार्थ्यांनी गट करून ॲनिमेशनची छोटी फिल्म बनवणं. आमची फिल्म काजव्यांवर होती, साडेतीन मिनिटांची. तुमच्यातल्या पुष्कळांनी ती इथंच पाहिली. आज तिची समीक्षा आम्हीच करणार आहोत. आपलंच ताक आंबट कोण म्हणणार, असं तुम्ही म्हणाल. पण आंबट होतं, आणि ते इथल्याच एका आजोबांनी सांगितलं. त्यांच्याकडे येतो नंतर.

आधी थोडा हिशोब. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात. आमच्यासारखे गरीब लोक एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. साडेतीन मिनिटं म्हणजे दोनशे दहा सेकंद, म्हणजे २५२० चित्रं. पाचांत वाटली तर प्रत्येकी पाचशेच्या वर. ही झाली नुसती हलणारी चित्रं. पार्श्वभूमी, रंग, आवाज सगळं वेगळं. म्हणून गट लागतो. गट ही आधी गरज असते, मग हौस होते, आणि शेवटी डोकेदुखी.

एकट्यानं होत नाही असं नाही हं. गीतांजली राव यांची 'प्रिंटेड रेनबो' बघा, २००६ ची. कान महोत्सवात समीक्षकांच्या विभागात तिला पारितोषिकं मिळाली. एक म्हातारी बाई, तिचं मांजर, आणि काड्यापेट्यांवरच्या चित्रांचा संग्रह. घर करडं, काड्यापेटीतलं जग रंगीत. ती चित्रं जवळजवळ एका हातानं रंगवलेली आहेत आणि ते पाहताना कळतं. म्हातारीचं एकटेपण आणि रंगवणारीचं एकटेपण एकमेकांत मिसळतं. पाच जणांनी मिळून ती फिल्म केली असती तर म्हातारीच्या घरी कायम कुणीतरी येऊन बसलंय असं वाटलं असतं!

काड्यापेटीवरून आठवलं. तुम्ही भंडारदऱ्यावरून घोटीमार्गे त्र्यंबकला जाता ना, तिथले दादासाहेब फाळके. त्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली, काड्या एकेक फ्रेमला सरकवून. त्याआधी कुंडीत वाटाणा पेरून तो कसा उगवतो याचे रोज थोडे थोडे चित्रण केलं होतं. आपल्याकडचं हे पहिलं 'एकेक फ्रेम' काम आपण एका माणसाच्या नावावर मांडतो. पण फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, रसायनं, धुलाई आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक हे सरस्वतीबाई करत होत्या. म्हणजे गट तेव्हाही होता. श्रेयनामावली नव्हती.

आता विद्यार्थ्यांच्या दोन फिल्म घेऊ. दोन्ही फ्रान्समधल्या, दोन्ही सहा-सहा जणांनी केलेल्या.

पहिली 'ऑक्टापोडी', २००७, पॅरिसच्या गोबलँ या संस्थेतली. दोन ऑक्टोपस प्रेमात. एकीला आचारी गाडीत घालून नेतो, दुसरा पाठलाग करतो. ग्रीक गावातले उतार, पांढऱ्या भिंती, निळा समुद्र. संवाद नाही. अडीच मिनिटांत खेळ खलास. ती सहा हातांनी केलीय हे कुठंच दिसत नाही, आणि ते दिसत नाही याचं कारण गोष्टीत आहे. एकच इच्छा, एकच रस्ता, तोही उताराचा. कोणता शॉट ठेवायचा असं भांडण झालं की विचारायचं, यानं गाडी जवळ येते का? येत नसेल तर काढा. निकष गोष्टीच्या पोटातच आहे, त्यामुळे कुणाचा अहंकार दुखावायची गरज नाही. पण त्याची किंमतही आहे. फिल्म चकचकीत आहे, हसवते, आणि संपल्यावर त्यातला एकही कोपरा आपल्यापाशी राहत नाही. कुणा एकाची नजर त्यात उरलेली नाही. (इथं आमच्यातला एक जण म्हणतो की त्याला शेवट कायम आठवतो. असो.)

दुसरी 'गार्डन पार्टी', २०१७. एका ओसाड बंगल्यात बेडूक शिरलेत. खातायत, उड्या मारतायत, मजा करतायत. हळूहळू आपल्याला दिसतं की या घरात काहीतरी भयंकर घडून गेलंय. बेडकांना त्याचा पत्ता नाही. ही आम्हाला अधिक शहाणी फिल्म वाटते. कारण ती गटाचा स्वभाव ओळखून रचलेली आहे. बेडूक एकानं करावा, पाण्याचा पोत दुसऱ्यानं, ओला उजेड तिसऱ्यानं. प्रत्येकाला रमायला खोली मिळते, आणि सगळ्या खोल्या एकाच घरात आहेत. गोष्ट बेडकांना माहीत नाही, ती घराला माहीत आहे.

दोन्हींना ऑस्करचं नामांकन मिळालं. आणि दोन्ही वेळा नामांकनात सहापैकी दोनच नावं होती. चार जण घरी. आम्हाला हे कळलं त्या दिवशी आमचं काम दुपारभर थांबलं होतं.

आता आमची फिल्म. कल्पना अशी की पावसाआधी हजारो काजवे एका लयीत उघडझाप करतात आणि एका काजव्याची लय चुकते. शेवटी सगळं झाड त्याच्या लयीला येतं. कागदावर छान वाटतं. हिरड्या-बेहड्याची, सादड्याची झाडं, मागे कळसूबाईची रेघ. आमच्यातली एक जण याच तालुक्यातल्या वाडीची. तिनं स्टोरीबोर्डमध्ये एक प्रसंग काढला होता, अकरा सेकंदांचा. रस्त्यावरून गाड्यांची रांग येते, हेडलाइटचा झोत झाडावर पडतो, झाड विझतं. झोत जातो, पण झाड लगेच पेटत नाही. बस.

स्टोरीबोर्डनंतर ॲनिमॅटिक करतात. म्हणजे कच्ची चित्रं वेळेप्रमाणे एकामागे एक लावून, कच्चा आवाज टाकून बघायचं. फिल्म खरी तिथंच घडते किंवा तिथंच मरते. पुढं नुसता घाम. आमच्या मते विद्यार्थी गटांची सगळ्यात मोठी चूक इथं होते, आणि आम्ही ती मन लावून केली. आम्ही मतदान घेतलं. प्रत्येक शॉटला हात वर. पाचही हात वर आले तो शॉट राहिला.

पाचही जणांना एकदम काय आवडतं? जे पाचही जणांनी आधी कुठंतरी पाहिलेलं असतं ते. चंद्र, धुकं, चमचमतं झाड. अकरा सेकंदांच्या प्रसंगाला एकच हात होता. 'हे उपदेशासारखं वाटतं', 'लय तुटते', 'बाहेरच्या प्रेक्षकाला कळणार नाही', असं आम्हीच बोललो. तिनं वाद घातला नाही. पुढं तिनं तिच्या वाटची पाचशे चित्रं वेळेत दिली, सगळ्यात नीट, आम्ही ठरवलेल्या झाडांची. आम्ही याला 'टीमवर्क' म्हणत होतो.

बाकीच्या चुका किरकोळ. एकानं पंचवीस फ्रेमच्या सेटिंगवर काम केलं, बाकीच्यांनी चोवीसच्या. तुकडे जोडले तेव्हा आवाज पुढं आणि चित्र मागं. साडेतीन मिनिटांच्या फिल्मला तो फरक आठ सेकंदांवर जातो. काजव्याचं मॉडेल शीट, म्हणजे पुढून-मागून-बाजूनं तो कसा दिसतो याचा तक्ता, आम्ही उशिरा केला. त्यामुळे पहिल्या मिनिटातला काजवा जरा खात्यापित्या घरचा आहे. फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल २', 'आता खरंच फायनल'. ब्लेंडरसारखी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. शिस्त विकतही मिळत नाही.

मग इथं खेळ झाला. टाळ्या झाल्या. एक आजोबा उठले, म्हणाले, "पोरांनो, काजवं लय ग्वाड काढलंत. पन गाड्या कुठं हायेत? बॅटऱ्या कुठं हायेत? आता काजवं म्हंजी त्यास्नी धरूनच असत्यात."

आम्ही चौघांनी पाचवीकडे पाहिलं. ती चपलेकडे पाहत होती.

आजोबांचा प्रश्न समीक्षेचा होता. नर काजवा लुकलुकतो तो मादीला खूण म्हणून. त्याच्या हातात थोडे दिवस असतात. झोत पडला की खूण पुसली जाते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या माणसाला हे पाठ आहे, कारण दर हंगामात तो त्याच रस्त्याकडेला उभा असतो. भजी तळणाराही तोच, पार्किंगचे पैसे घेणाराही तोच, आणि झाड विझताना बघणाराही तोच. त्याचा गाड्यांना सरळ विरोध नाही, पोट आहे. एवढी गुंतागुंत त्या अकरा सेकंदांत होती. कारण पुढच्या सीटवर बसलेल्या पोराचा चेहरा तिनं खुशीत काढला होता, खलनायक केला नव्हता. आम्ही ती काढून टाकली आणि हाती राहिलं ते पर्यटनाचं पोस्टर. 'ऑक्टापोडी'ला बाहेरून निकष लागला नाही. आमच्या गोष्टीतही निकष होता, लय चुकणाऱ्याचं ऐकायचं. आम्ही तो पडद्यावर दाखवला आणि टेबलावर मोडला.

मग मतदान नको तर काय? एक दिग्दर्शक नेमावा, तो म्हणेल ते? त्यात झटपट काम होतं, हे मान्य. पण विद्यार्थ्यांच्या गटात दिग्दर्शक बहुधा तोच होतो ज्याच्याकडे बरा लॅपटॉप असतो किंवा ज्याचा आवाज मोठा असतो. आमच्याकडे दोन्ही एकाच माणसाकडे होतं, आणि तो आत्ता तुमच्यासमोर बोलतोय. गिंट्स झिल्बालोडिस या लाटवियन दिग्दर्शकानं 'अवे' ही पूर्ण लांबीची फिल्म एकट्यानं केली, २०१९ साली. नंतर लोकांना बरोबर घेऊन 'फ्लो' केली, जिला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. एकटं राहणारं मांजर इतर प्राण्यांसोबत एका होडीत राहायला शिकतं, अशी ती गोष्ट. तो गटात आला तेव्हा गटात येण्याची भीतीच त्यानं गोष्टीत घातली. आम्ही आमची भांडणं गोष्टीबाहेर ठेवली, घरात पाहुणे आले की पसारा कॉटखाली ढकलतात तशी.

सध्या आम्ही एक साधी गोष्ट करून बघतोय. ॲनिमॅटिकमध्ये प्रत्येकाला एक शॉट असा, जो बाकी चौघांना काढता येणार नाही. त्याच्या भोवतीची फिल्म बदला, तो शॉट नाही. हे चालेल की नाही सांगता येत नाही. एका शॉटनं आत्ताच सगळ्या संगीताची वाट लावलीय.

श्रेयनामावलीही बदलतोय. पहिल्या आवृत्तीत 'दिग्दर्शन' खाली एकच नाव होतं, कारण अर्जातल्या रकान्यात एकच मावत होतं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. आता पाच आहेत, आणि सहावं नाव ज्या मावशींनी रात्री ओसरीवर आवाज रेकॉर्ड करू दिला त्यांचं. कुत्रं भुंकू लागलं की त्याला गप्प करणं हे त्यांच्याकडेच होतं.

त्या अकरा सेकंदांची १३२ चित्रं तिनं पुन्हा काढलीत. आम्ही फक्त रंग भरले, आणि विचारून भरले. दोन्ही आवृत्त्या आणल्यात. आधी जुनी लावतो, मग नवी. आजोबा आलेत का? मागं बसलेत, पुढं घ्या त्यांना. दारापाशी जो कुणी आहे त्यानं जरा दिवे बंद करा, आणि मोबाइल उलटे ठेवा.