पक्ष्यांची पारध आणि मराठी निसर्गलेखन

बावडा-इंदापूर परिसरातील माळरानांवर फासेपारधी तित्तिर व लावे फाशात धरीत, ते पोटासाठी. १९५२ मध्ये ‘गुन्हेगार जमात’ हा कायद्याचा शिक्का पुसला गेला; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मात्र हीच उपजीविका गुन्ह्याच्या कक्षेत आणली. पक्षिप्रेमी वाचकाला फासा क्रूर वाटतो. पारध्याला तो शेतकऱ्याच्या नांगरासारखा. मारुती चितमपल्ली यांनी पारध्यांचे पक्षिज्ञान आदराने नोंदविले, हे त्यांच्या लेखनाचे मोठेपण होय. तथापि मराठी निसर्गलेखनात पारधी बहुधा रानाचा जाणकार म्हणून येतो, भुकेला माणूस म्हणून क्वचितच. पक्ष्यांविषयीची करुणा रास्तच आहे. परंतु फासा सुटल्यावर पारध्याच्या चुलीचे काय झाले, हे न विचारणारी करुणा अपुरी ठरते. या लेखनाचे मूल्यमापन याही कसोटीवर व्हावयास हवे.