जर, तर आणि तरी : स्वयंचलित दारांच्या नियमभाषेचे परीक्षण

दाराशी बसणारा माणूस उठून गेला आणि त्याच्या जागी यंत्र आले, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. ग्रंथालये, प्रयोगशाळा, बँका, कारखान्यांची कोठारे यांच्या दारांवर आज कार्ड किंवा बोटाचा ठसा वाचणारे उपकरण असते. आणि कोणत्या प्रसंगी त्या दाराने काय करावयाचे, हे कार्यालयातील संगणकावर आधीच लिहून ठेवलेले असते. प्रस्तुत लेखाचा विषय त्या यंत्राची घडण हा नसून त्या लिहून ठेवण्याची भाषा हा आहे. भाषाविभागाच्या पत्रिकेत दारांचा विचार कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, स्वयंचलित दाराचा प्रत्येक नियम हे मुळात एक वाक्य असते. वाक्य सदोष असेल तर दारही सदोष वागते. आणि वाक्याचे गुणदोष पाहणे हे तर आपलेच काम आहे.

(१)

या नियमांचे स्वरूप प्रथम पाहू. दाराशी चार गोष्टी असतात : कार्ड वाचणारा वाचक, चौकटीत बसविलेला आणि दार उघडे की मिटलेले एवढेच सांगणारा चुंबकी सेन्सर, आतून बाहेर पडण्याची कळ आणि विजेवर चालणारे कुलूप. या चौघांकडून येणारी वार्ता कंट्रोलर नावाच्या पेटीत एकत्र होते. सॉफ्टवेअर त्या वार्तेला ‘घटना’ म्हणते. प्रवेश दिला, प्रवेश नाकारला, दार बळाने उघडले, दार फार वेळ उघडे राहिले, आगीची सूचना आली, कंट्रोलरशी संपर्क तुटला, अशा घटनांची एक ठरीव यादी असते. तिच्या समोर ‘कृतीं’ची दुसरी यादी असते : कुलूप उघडा, कुलूप लावा, सायरन वाजवा, कॅमेऱ्याचे चित्रण सुरू करा, अमुक अधिकाऱ्याला संदेश पाठवा. नियम करणाऱ्याने पहिल्या यादीतून एक घटना निवडावी, दुसरीतून एक कृती निवडावी, कोणत्या दाराला आणि कोणत्या वेळेत हे लागू ते भरावे, की नियम तयार झाला.

मराठी व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर हे वाक्य म्हणजे संकेतार्थ आणि आज्ञार्थ यांचा संयोग होय. आपल्या व्याकरणकारांनी अट सांगणाऱ्या क्रियापदरूपाला ‘संकेतार्थ’ हे नाव दिले, आणि व्यवहारात ‘संकेत’ म्हणजे खूण, इशारा. दाराच्या यंत्रात हे दोन्ही अर्थ एका ठिकाणी येतात. सेन्सरचा इशारा हीच नियमाची अट असते. इतके नेमके पारिभाषिक नाव हाती असताना ‘घटना-प्रेरित कृती’सारखे अवजड शब्द बनविण्याची गरज नव्हती, असे मला वाटते, पण तो आजचा मुख्य मुद्दा नाही.

(२)

मुख्य मुद्दा असा की, दोन याद्यांतून बनविलेले हे वाक्य मराठी वाक्यापेक्षा फार दरिद्री आहे, आणि त्याचे दारिद्र्य त्याच्या सोपेपणामुळे लक्षात येत नाही.

अट आणि परिणाम यांचा संबंध मराठी किती प्रकारांनी दाखविते ते पाहावे. ‘दार उघडल्यास’ म्हटले की ते उघडेलच असे नाही. ‘दार उघडल्यावर’ म्हटले की ते उघडणार हे गृहीत असून केवळ क्रम सांगावयाचा आहे. ‘दार उघडताच’ यात विलंबाला जागा नाही. ‘दार उघडले की’ यात प्रत्येक वेळी, नित्यनेमाने, असा ध्वनी आहे. ‘दार उघडे असेपर्यंत’ येथे तर घटना नसून अवस्था आहे, आणि ती संपली की परिणामही संपला पाहिजे. सॉफ्टवेअरच्या यादीत या पाचही छटांना बहुधा एकच रकाना असतो. ‘दार फार वेळ उघडे राहिल्यास सायरन वाजवा’ हा नियम घ्या. ‘फार वेळ’ म्हणजे किती सेकंद, हे सॉफ्टवेअर विचारते. परंतु सायरन एकदा वाजावयाचा की दार मिटेपर्यंत वाजावयाचा, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्याला स्वतःच सुचावा लागतो. तो सुचला नाही म्हणजे तास बदलण्याच्या वेळी विद्यार्थ्यांच्या रांगेने दार धरून ठेवले की सायरन वाजू लागतो, आणि काही दिवसांनी त्रासलेला कोणीतरी त्याची वायर काढून टाकतो. नियम कागदावर राहतो, दार मात्र बेवारस होते.

याहून सूक्ष्म दोष घटनांच्या नावांत आहे. ‘दार बळाने उघडले’ ही घटना यंत्राने पाहिलेली नसते. त्याने पाहिलेले इतकेच की दार उघडले, आणि त्यापूर्वी कार्डाची अनुमती किंवा आतील कळेचा संकेत नोंदला गेला नव्हता. बळ हे अनुमान आहे. आतील कळ नादुरुस्त असली आणि दार साध्या मुठीने उघडत असले, तर बाहेर पडणारा प्रत्येक सज्जन नोंदवहीत दार फोडणारा ठरतो. निरीक्षणाला निर्णयाचे नाव दिल्याचा हा परिणाम होय. आणि त्या नावापुढे ‘संदेश पाठवा’ ही कृती जोडलेली असेल, तर अधिकाऱ्याच्या हाती जाते ते आरोपपत्र, वार्ता नव्हे.

(३)

तथापि या नियमभाषेची खरी उणीव आणखी वेगळी आहे. तिच्यात ‘जर’ आहे, ‘तर’ आहे, ‘तरी’ नाही. ‘तर’ आणि ‘तरी’ यांत अंतर एका स्वराचे, पण ‘तर’ नियम सांगतो आणि ‘तरी’ नियमापलीकडची परिस्थिती ओळखतो. दाराशी माणूस होता तोपर्यंत ‘तरी’ त्याच्याजवळ असे : वेळ टळली तरी ओळखीचा माणूस आहे, ओळखपत्र विसरले तरी मूल आजारी आहे. माणूस गेला, आणि त्याच्याबरोबर ‘तरी’ही गेला.

या उणिवेची सर्वांत परिचित कथा आपल्याकडे रायगडाची आहे. हिरकणी गडावर दूध घालावयास आली, कोजागिरीच्या गर्दीत तिला उशीर झाला, सूर्य मावळताच दरवाजे बंद झाले आणि पहारेकऱ्यांनी ते उघडण्यास नकार दिला. खाली घरी तान्हे मूल होते. ती कडा उतरून गेली. ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून मी ती येथे घेत नाही. परंतु दंतकथा समाजाच्या मनातले प्रश्न जपून ठेवतात म्हणून तिचा विचार करावयाचा. आपण ती मातृप्रेमाची कथा म्हणून सांगतो; २०१९ साली आलेला ‘हिरकणी’ हा चित्रपटही त्याच परंपरेतला. नियमभाषेच्या दृष्टीने पाहता तिच्यात तीन गोष्टी दिसतात. पहिली : सूर्यास्त ही घटना आणि दार लावणे ही कृती, यांचा संबंध पहारेकऱ्यांनी यंत्राप्रमाणे पाळला, म्हणजे माणूस असूनही त्यांनी ‘तरी’ वापरला नाही. दुसरी : नियम दाराला लागू होता, कड्याला नव्हता, दाराचा कडकपणा वाढला की माणसे दार सोडून वाट शोधतात. तिसरी, आणि सर्वांत विचार करण्याजोगी : महाराजांनी हिरकणीचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, असे कथा सांगते. पळवाट बुजली. पण सूर्यास्ताच्या नियमात पुढे एखादा ‘तरी’ घातला गेला की नाही, याविषयी कथा गप्प आहे. आजचे व्यवस्थापकही बहुधा असेच वागतात. बुरूज त्वरित बांधला जातो. नियमाचे वाक्य पुन्हा वाचले जात नाही.

मराठ्यांच्या दुर्गविचारात मात्र ‘तरी’ अज्ञात नव्हता. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानला असून, गड पाहून एकाहून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात, असे सांगितले आहे. मोठा दरवाजा हा नियम होय; दिंडी हा त्या नियमाचा दगडात बांधलेला ‘तरी’ होय. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, ही दिंडी कोणाच्या दयेवर सोडलेली नाही. ती आधी विचार करून, जागा पाहून, बांधकामाच्या वेळीच ठेवावयाची आहे. अपवाद पहारेकऱ्याच्या मनात न ठेवता रचनेत ठेवणे, ही दृष्टी स्वयंचलित दारांच्या काळात अधिकच मोलाची ठरते.

(४)

आमच्या टेंभुर्णी परिसरात या तत्त्वाची दोन उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. येथे ‘दरवाजे उघडले’ एवढेच कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याला प्रथम उजनी धरण आठवते. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. पाणी वाढले की दरवाजे उघडावयाचे, हा झाला ‘तर’. पण खाली नदीकाठची गावे आहेत, पंढरपूर आहे. म्हणून विसर्गापूर्वी त्यांना इशारा द्यावयाचा, आणि विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवावयाचा. घटना आणि कृती यांच्या मध्ये येथे माणसांसाठी मुद्दाम जागा ठेवलेली आहे.

दुसरे उदाहरण पुणे–सोलापूर महामार्गावरील टोलनाक्याचे. गाडीच्या काचेवरील फास्टॅग वाचला गेला, तो वैध निघाला, की आडवा दांडा वर जातो. ही दाराच्या नियमाचीच आवृत्ती आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. परंतु त्यापूर्वी, २०१८ सालीच, पथकराच्या नियमांत एक तरतूद आली होती : टॅग वैध व चालू असून नाक्यावरील यंत्रच बिघडले असेल, तर वाहनाला पथकर न घेता जाऊ द्यावे आणि शून्य रकमेची पावती द्यावी. यंत्र बिघडले तरी त्याचा भार प्रवाशावर पडू नये, असा हा ‘तरी’ आहे. यंत्र चुकेल हे गृहीत धरून नियम लिहिणे ही प्रौढ नियमभाषेची खूण होय. ही तरतूद प्रत्येक नाक्यावरील प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. पण वाक्य लिहिलेले असले म्हणजे त्यावर बोट ठेवता येते.

दारांच्या बाबतीत सर्वांत गंभीर ‘तरी’ आगीचा आहे. विद्युत कुलुपांचे दोन वर्ग आहेत. चुंबकी कुलूप वीज असेपर्यंत दार धरून ठेवते आणि वीज गेली की सोडते. दुसऱ्या प्रकारचे कुलूप वीज गेली की बाहेरून बंदच राहते. आतील माणसाला मात्र मूठ फिरवून बाहेर पडता आले पाहिजे. दार कोणत्याही नियमाने बंद असले तरी आगीचा संकेत येताच बाहेर जाण्याची वाट मोकळी झाली पाहिजे, आणि ही जोडणी केवळ सॉफ्टवेअरच्या नियमावर न ठेवता थेट विजेच्या तारेने केलेली असावी, हे या क्षेत्रातले पायाभूत तत्त्व आहे. कारण सॉफ्टवेअर ज्या संगणकावर चालते तो स्वतःच बंद पडू शकतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या सेवा सुमारे सहा तास जगभर बंद होत्या. अभियंत्यांना यंत्रगृहांत पोहोचून काम सुरू करण्यास वेळ लागला, कारण ती स्थाने सहज प्रवेश मिळू नये अशीच रचलेली होती, असे कंपनीनेच नंतर सांगितले. दुरुस्ती करणाऱ्याला दारातच थोपविणारा नियम हा ‘तरी’ विसरलेला नियम होय.

(५)

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. प्रत्येक ‘तरी’ ही चोरालाही वाट नाही काय? अपवाद वाढले की नियम पोकळ होतो. पूर्वीच्या दारवानाचा ‘तरी’ ओळखीच्या माणसाला लाभे आणि अनोळखी गरजूला लाभत नसे, हेही विसरता येणार नाही. म्हणूनच माझे म्हणणे माणसाला पुन्हा दाराशी बसवा, असे नाही. आणि नियम सैल करा, असेही नाही. अपवाद आधी ठरवावा, तो लिहावा आणि तो वापरला गेला की त्याची नोंद व्हावी, इतकेच म्हणणे आहे. आजच्या सॉफ्टवेअरांत तशी सोय मुळीच नसते असे नाही. सकाळी दहाला ग्रंथालयाचे दार आपोआप उघडावे, असा नियम असला आणि ऐनवेळी सुटी जाहीर झाली, तर रिकाम्या ग्रंथालयाचे दार उघडे पडते. यावर उपाय म्हणून ‘वेळ झाली तरी पहिले अधिकृत कार्ड लागल्याखेरीज दार उघडू नये’ अशी योजना अनेक ठिकाणी उपलब्ध असते. दोष असा की हा ‘तरी’ वेगळ्या पानावर, वेगळ्या नावाने राहतो; नियमाच्या वाक्यात तो दिसत नाही. दोन नियम परस्परविरुद्ध झाले तर कोणता श्रेष्ठ, हेही त्या वाक्यावरून कळत नाही.

तेव्हा एक साधी पद्धत सुचवावीशी वाटते. स्वयंचलित दाराचा कोणताही नियम संगणकावर भरण्यापूर्वी तो पूर्ण मराठी वाक्यात कागदावर लिहावा. त्यात ‘उघडल्यास’, ‘उघडताच’ आणि ‘उघडे असेपर्यंत’ यांतील एक रूप जाणून निवडावे. घटनेचे नाव वाचून यंत्राने प्रत्यक्ष काय पाहिले ते स्वतंत्र लिहावे. आणि शेवटी ‘तरी’ने सुरू होणारे निदान एक उपवाक्य जोडावे : आग लागली तरी, वीज गेली तरी, कार्ड हरवले तरी, यंत्र चुकले तरी काय व्हावे? ज्या नियमाला असे उपवाक्य जोडता येत नाही तो निर्दोष आहे असे समजू नये. त्याचा विचार अपुरा राहिला आहे असे समजावे.

दार लावणे ही आज्ञा आहे, आणि आज्ञा यंत्राला देता येते. दार केव्हा लावू नये, हा मात्र विवेक आहे. तो यंत्राला आपोआप सुचत नाही. नियम लिहिणाऱ्याने तो वाक्यात घातला, तरच तो दारापर्यंत पोहोचतो.