गंगाराम तांबट : शिष्य कीं स्वतंत्र चितारी ?

पेशवे दरबाराच्या आश्रयास असलेला गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा चितारी बहुतेक लेखकांच्या लेखणींतून ‘वेल्ससाहेबाचा शिष्य’ एवढ्याच ओळखीनें उतरतो. ही ओळख अपुरी आहे, इतकेंच नव्हे, तर कालक्रमाच्या कसोटीस ती टिकत नाहीं, असें आमचें मत आहे.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ सालीं मुंबईस उतरला. गंगारामानें पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें जें चित्र काढलें, तें १७९० सालच्या नोव्हेंबरचें. म्हणजे गुरु या देशीं येण्यापूर्वींच शिष्याचा हात तयार होता ! पुणें दरबारांतील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट ह्यानें तो हात हेरला. पुढें शनिवारवाड्यांत चित्रशाळा निघाली, तेव्हां वेल्सपाशीं त्यास विलायती पद्धतीचें शिक्षण मिळालें. छायाप्रकाशाचें ऋण वेल्सचें मानावें. पाहण्याची शिस्त मात्र गंगारामाची स्वतःची होय. गेंड्याच्या कातड्याच्या घड्या तो नक्षीप्रमाणें सजवीत नाहीं. जनावर जसें दिसलें तसें मांडतो. वेरूळच्या रेखाटनांतही हीच सचोटी आहे. मूर्तींतील आवेश तेथें कांहींसा मंदावतो हा दोष आम्ही नाकारीत नाहीं. पण वास्तूची नोंद म्हणून त्यांचें मोल त्यानें उणें होत नाहीं.

वेल्स १७९५ सालीं साष्टींत वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलनें १८०३ सालीं वेरूळचा चित्रसंग्रह लंडनमध्यें प्रसिद्ध केला, आणि कीर्ति त्या दोघांकडे गेली. गंगारामाचीं मूळ चित्रें अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहीं जपलीं गेलीं, म्हणून आज हा वाद घालतां तरी येतो.

साष्टीच्या पलीकडे, उल्हास नदीच्या खोऱ्यांत, अंबरनाथचें शिवालय आहे. १८६८ सालीं सरकारी हुकुमानें मुंबईच्या कलाशाळेचे अधीक्षक टेरी ह्यांच्या देखरेखीखालीं तेथील रेखाचित्रें व ठसे घेण्यांत आले. त्या कामाच्या वर्णनांत टेरींचें नांव ठळकपणें येतें. उन्हांत दगडासमोर बसून रेघा ओढणाऱ्या विद्यार्थ्यांस तेवढी जागा मिळाली नाहीं. गंगारामाच्या बाबतींत जें अर्धवट घडलें, तें येथें पुरतें घडलें.

त्याच देवालयांतील शिलालेख आम्हांस आणखी एक धडा देतो. त्याचा शक प्रथम ७८२ असा वाचला गेला. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा ठरविला. एका अंकानें देऊळ दोनशें वर्षें पुढें सरकलें. गेंड्याच्या चित्राच्या तारखेनेंही तसेंच एका चिताऱ्याचें स्थान बदलतें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच : जुनें चित्र चौकटींत बसवितांना त्याचा समास कातरूं नये, पाठीमागची मोडी ओळ खळ लावून झांकूं नये. चित्र सुंदर दिसेल. परंतु चितारी कायमचा नाहींसा होईल.