आवडत्या विषयाचा तक्ता

दहावीच्या सुमारास मुलांसाठी जी मार्गदर्शन शिबिरे होतात, ज्या पुस्तिका निघतात, त्यांत एक तक्ता बहुधा असतोच. डावीकडे शाळेतले विषय, उजवीकडे व्यवसाय आणि मध्ये बाण. जीवशास्त्र आवडते? डॉक्टर व्हा, नाहीतर औषधनिर्माण किंवा शेतकी. गणित आणि भौतिकशास्त्र? अभियांत्रिकी. रसायनशास्त्र? रंगांचे, खतांचे कारखाने. पालक विचारायला आले की शिक्षकही याच तक्त्याचा आधार घेतात, कारण दुसरे काही हाताशी नसते. तक्ता सोपा आहे, सद्हेतूने केलेला आहे. पण ज्या गृहीतावर तो उभा आहे ते तपासून पाहिले तर फारसे टिकत नाही. शाळेतला विषय म्हणजे त्या शास्त्राचे छोटे रूप, आणि शास्त्र म्हणजेच पुढचे काम, असे ते गृहीत आहे.

‘मला जीवशास्त्र आवडते’ असे म्हणणारे मूल आपल्याला नेमके काय सांगत असते? आपल्या राज्य मंडळात दहावीला जीवशास्त्र नावाचा विषयच नाही. ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग १ आणि भाग २ अशी दोन पुस्तके आहेत. ढोबळमानाने पहिल्यात भौतिक व रसायन, दुसऱ्यात जीवसृष्टी. पण औष्णिक, अणु आणि जलविद्युत केंद्रांत वीज कशी तयार होते हे प्रकरण भाग २ मध्ये आहे! तेव्हा मूल जे सांगते ते बहुतेक वेळा एवढेच असते की भाग २ बरा जातो. तो बरा का जातो याची कारणे अनेक. शिकवणाऱ्या बाई छान गोष्टी सांगतात, आकृत्या काढायला मजा येते, पाठ केले की गुण मिळतात. आणि सर्वांत मोठे कारण, जे कोणी उघड बोलत नाही, ते म्हणजे त्यात उदाहरणे सोडवावी लागत नाहीत. ‘जीवशास्त्र आवडते’ याचा अर्थ पुष्कळदा ‘गणित नको’ एवढाच असतो. हा काही गुन्हा नव्हे. पण नावडीला आवड समजून तिच्यावर पुढची चाळीस वर्षे बेतणे धोक्याचे आहे.

दुसरी अडचण कामाच्या स्वरूपाची. डॉक्टरचा दिवस कसा जातो? माणसांशी बोलण्यात, त्यांच्या अर्धवट सांगण्यातून नेमके काय ते काढण्यात, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्यात. यातले काहीही जीवशास्त्राच्या पुस्तकात नाही. जीवशास्त्रातील संशोधकाचा दिवस तर आणखी निराळा. तेच द्रव पुन्हा पुन्हा मोजून नळ्यांत घालायचे, आठवडाभराचा प्रयोग फसला तर कुठे फसला ते शोधायचे, आणि उरलेला वेळ संगणकावर आकड्यांशी झटायचे. आमच्याकडे उन्हाळी प्रकल्पासाठी येणाऱ्या मुलांत बारावीला जीवशास्त्रात उत्तम गुण मिळवलेली मुले असतात. त्यांतली काही दुसऱ्या आठवड्यातच कंटाळतात. जीवशास्त्राला ती कंटाळत नाहीत, मोजमापाला कंटाळतात. आणि मोजमाप हे तर कामच आहे.

इंग्लंडमधील जॉन गर्डन यांचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. ईटनच्या शाळेत १९४९ साली जीवशास्त्रात ते आपल्या इयत्तेत सर्वांत शेवटी होते, शास्त्रज्ञ होण्याची त्यांची कल्पना शिक्षकांनी हास्यास्पद ठरवली होती, आणि २०१२ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यावरून ‘गुणांना काही अर्थ नसतो’ असा जो निष्कर्ष काढला जातो तो मला पटत नाही. बहुतेकांच्या बाबतीत गुणांना अर्थ असतोच. लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. हा मुलगा त्याच वयात पतंगांच्या अळ्या वाढवून त्यांचे निरीक्षण करीत होता. पुढे बेडकाच्या पेशीकेंद्रकांवर त्यांनी जे चिकाटीचे काम केले, त्याच्याशी नाते होते ते या उद्योगाचे. आणि या उद्योगाला शाळेच्या जीवशास्त्रात गुण नव्हते.

तिसरी गोष्ट विषयांच्या भिंतींची. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ साली बडोद्याला भौतिकशास्त्राची पदवी घेतली, १९७६ साली अमेरिकेत त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली, आणि मग पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकायला सुरुवात केली. रायबोसोमच्या रचनेवरील कामासाठी २००९ साली त्यांना नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे! तक्त्यातला कोणता बाण त्यांच्यापर्यंत पोचला असता? आपल्या जवळचे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यात जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे. त्यांनी १९४४ साली गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र मांडले. ते ‘कोसंबी फल’ या नावाने अनुवंशशास्त्रात आजही वापरले जाते. याच माणसाने प्राचीन नाणी तराजूत तोलून, त्यांच्या झिजेवरून इतिहासाचे प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. मोठ्या माणसांची उदाहरणे देऊन सामान्य मुलांना सल्ला देऊ नये हे खरे. पण आज सामान्य जीवशास्त्रज्ञालाही संख्याशास्त्रावाचून आपला निबंध छापून घेता येत नाही.

(भूगोलाचे तर नावच नको. खडक, नद्या, मान्सून, भूकंप हे सारे विज्ञानच. पण शाळेत ते इतिहासाशेजारी बसते. त्यामुळे ज्याला दगड गोळा करायचा नाद आहे त्याला ‘भूगोल आवडतो ना, मग कला शाखेला जा’ असे सांगितले जाते. बारावीच्या विज्ञान शाखेत भूशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे, हे किती शाळांत सांगतात?)

प्रत्यक्ष नुकसान होते ते अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी. जीवशास्त्र आवडते म्हणून गणित सोडायचे, किंवा उलट. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आणि गणिताचे शून्य, त्यामुळे हा व्यवहार शहाणपणाचा वाटतो. पण त्या परीक्षेला बसणाऱ्या बहुसंख्य मुलांना सरकारी महाविद्यालयात जागा मिळत नाही. मग दोन वर्षांनी, गणित हातचे गेलेले असताना, अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची दारे बंद झालेली दिसतात. उलट ‘आयसर’सारख्या विज्ञानसंस्थांच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र या चारही विषयांना सारखाच वाटा आहे. ही दोन्ही पारडी समान नाहीत हेही सांगितले पाहिजे. भौतिकशास्त्र-गणिताकडून जीवशास्त्राकडे वयाच्या पंचविशीत गेलेली माणसे मला पुष्कळ ठाऊक आहेत. उलट दिशेने गेलेली फारच थोडी. म्हणून ज्याला विज्ञानातच राहायचे आहे आणि अभ्यास झेपण्यासारखा आहे, त्याने निदान बारावीपर्यंत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावीत असे माझे मत आहे. तशी मुभा मंडळाने दिलेली आहे. क्लासवाल्यांना ती आवडत नाही, एवढेच.

मग शिक्षकाने विचारावे काय? माझ्या मते ‘कोणता विषय आवडतो’ यापेक्षा ‘काय करताना वेळ कसा गेला ते कळले नाही’ हा प्रश्न जास्त उपयोगी आहे. आणि विचारण्यापेक्षा पाहणे चांगले. वर्गात मटकी भिजत घालून दहा दिवस रोपांची वाढ मोजायला द्या. एखादी मुलगी रोज न चुकता पट्टी लावील आणि आलेख काढील. एखादा मुलगा मोजणार नाही, पण सगळी रोपे खिडकीकडेच का वाकली यावर वाद घालील. कोणी ती सरळ राहावीत म्हणून काड्या आणि दोऱ्याचा मांडव उभारील. कोणी सुरेख चित्र काढील, कोणी सगळ्यांकडून आकडे गोळा करून वही नीट ठेवील. विषय एकच, ‘भाग २’मधला, पण या पाच मुलांच्या वाटा पाच दिशांना जाऊ शकतात. त्यांतले कोण काय करीत होते याची चार ओळींची नोंद वर्षभर ठेवली, तर पालकांशी बोलताना तिचा उपयोग गुणपत्रिकेपेक्षा कमी होणार नाही.

घरची परिस्थिती, फी, लवकर कमावण्याची निकड या गोष्टी आवडीहून जड ठरतात हे मला माहीत आहे. तिथे तर नेमकी माहिती अधिकच लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षणाचे कार्यालय असते, तिथे भूवैज्ञानिक असतात. दूध संघात तपासनीस असतात, रुग्णालयात प्रयोगशाळा असते, जवळपास कृषी संशोधन केंद्र असू शकते. अशा एखाद्या माणसाला शाळेत बोलवावे. भाषण देऊ नये असे आधीच सांगून ठेवावे. मुलांनी त्यांना एवढेच विचारावे की काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केले, आणि त्यातले कंटाळवाणे काय होते.