'वामन परत न आला' : पुराणकथा कुठे कामाची आणि कुठे नाही

या ब्लॉगवर एरवी पेटचा अभ्यास, संशोधन आराखडा, पेपर कसा वाचायचा असले विषय असतात. आज एका कादंबरीबद्दल लिहितोय. पण विषय तुमच्या आराखड्यापासून फार लांब नाही, हे पुढे कळेलच.

जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा बहुतेकांनी शाळेत वाचलेल्या असतात. 2021 च्या डिसेंबरात नाशिकला 94 वं साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते, एवढंही आपल्याकडच्या मुलांना माहीत असतं. 'वामन परत न आला' मात्र त्या मानाने कमी वाचली जाते. गोष्ट थोडक्यात अशी: एका वैज्ञानिक प्रयोगासाठी खोदकाम चालू असताना जमिनीत एक पेटी सापडते. हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या, आपल्याहून प्रगत अशा माणसांनी ती मागे ठेवलेली असते. शास्त्रज्ञ तिच्यातली माहिती उलगडतात, तिच्या आधारे एक विचार करणारं यंत्र बनवतात आणि त्याला वामन नाव देतात. पुढे या वामनाला स्वतःसारखेच आणखी वामन तयार करायचे असतात. शेवट सांगत नाही.

आता यात पुराणकथा नेमकं काय काम करते ते बघा. लेखक कुठेही असं म्हणत नाही की वामन अवतार म्हणजे प्राचीन काळचा रोबो होता. तो कथेतून फक्त एक आकार उचलतो: मागणी इतकी लहान की नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि हो म्हटल्यावर थांबवता येत नाही. बटूने तीन पावलं जमीन मागितली. यंत्र आपली एक प्रत मागतं. एकाचे दोन, दोनाचे चार. दहाव्या दुपटीला 1024 होतात, म्हणजे मोजता येण्यासारखे. तिसाव्या दुपटीला 107 कोटींच्या वर जातात. तिसरं पाऊल कुठे ठेवू, हा प्रश्न इथे गणितातून येतो. स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्राचा सिद्धांत जॉन फॉन न्यूमनने 1940 च्या दशकाच्या शेवटी मांडायला घेतला होता, तेव्हा विज्ञानाची बाजूही हवेतली नाही. पुराणातून आकार आणि गणितातून यंत्रणा, अशी ही जोडणी आहे. मला ती मराठी विज्ञानकथेतली फार चोख जोडणी वाटते.

एक गोष्ट मात्र खटकते, ती नावाबद्दलची. यंत्र वामन असेल तर बळी कोण? अर्थात सगळी माणसं. सटाण्याकडे कांदा-डाळिंबाच्या शेतात राबणाऱ्याला आपण बळीराजा म्हणतो आणि 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतो. म्हणजे आपल्याकडे या कथेत सहानुभूती कुणाला आहे हे आधीच ठरलेलं आहे. जोतीराव फुल्यांनी तर 1873 च्या 'गुलामगिरी'त बळीला इथला राजा आणि वामनाला बाहेरून आलेला लुटारू म्हणून वाचलं. ही बाजू कादंबरीच्या हाती आयतीच आली होती, पण तिचा हवा तेवढा उपयोग झालेला नाही असं माझं मत. नाव वापरलंय, नावामागचं भांडण वापरलेलं नाही. (गंमत म्हणजे इंग्रजीत हीच कादंबरी 'द रिटर्न ऑफ वामन' झाली. मराठीत वामन परत येत नाही, इंग्रजीत येतो!)

आता खरी अडचण. ती पेटी ठेवणारी प्रगत माणसं, त्यांच्या खाणी, भट्ट्या, कचरा कुठे गेला? दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी चांदीसाठी धातू वितळवले, तर त्या धुरातलं शिसं ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत आजही मोजता येतं. विचार करणारी यंत्रं बनवणारा समाज यापेक्षा कमी धूर करेल का? नाशिकजवळ गोदावरीच्या काठच्या जुन्या थरांत ह. धी. सांकलियांना दगडी हत्यारं सापडली, 1952 मध्ये त्यावर डेक्कन कॉलेजचा ग्रंथही निघाला. अश्मयुगाच्या थरांत मिळतो तो दगड. यंत्राचा तुकडा नाही, धातूची मळीही नाही. 2018 साली गॅव्हिन श्मिट आणि ॲडम फ्रँक यांनी हाच प्रश्न गंभीरपणे घेतला: माणसाआधी कधी औद्योगिक संस्कृती होऊन गेली असती, तर खडकांत तिची खूण कशी ओळखायची? त्यांनी तिला 'सिल्युरियन गृहीतक' म्हटलं, हे नाव 'डॉक्टर हू' मालिकेतल्या प्राण्यांवरून घेतलेलं आहे. पण ते बोलत होते कोट्यवधी वर्षांबद्दल. हजारो वर्षांत एवढं सगळं पुसलं जात नाही. कादंबरी म्हणून पेटी मला मान्य आहे, एक अशक्य गोष्ट लेखकाला माफ असते. पण तिच्या भोवतीची शांतता एखाद्या पात्राला तरी खटकायला हवी होती.

हे सांगायचं कारण म्हणजे वाचनालयात याच विषयाच्या आसपास दुसरी पुस्तकंही असतात. सुरेशचंद्र नाडकर्णींचं 'पृथ्वीवर माणूस उपराच' आजही हातोहात फिरतं. साहित्य तेच: पुराणं, अवशेष, माणसाचं मूळ. फरक असा की तिथे 'असं असतं तर' नाही, 'असंच होतं' आहे. एकदा दावा केला की मग तपासणी आली. चिंपांझीला गुणसूत्रांच्या 24 जोड्या, आपल्याला 23. आपलं दुसरं गुणसूत्र म्हणजे दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळून झालेलं आहे आणि तो सांधा त्याच्या मधोमधच्या भागात अजून दिसतो. उपऱ्याच्या अंगात इथल्या नातेवाइकाची अशी शिवण कशी आली? नारळीकर कथेत प्राचीन यंत्र मुक्तपणे वापरतात, पण प्राचीन भारतात अणुअस्त्रं होती असं कुणी म्हटलं की लेखांतून पुरावा मागत असत. मला यात विसंगती दिसत नाही. आराखड्यात गृहीतक आणि निष्कर्ष वेगळ्या पानांवर असतात, तसंच हे.

'सर, आपल्या भागातल्या पुराणकथेवर विज्ञान कादंबरी लिहायचीय' असं मला ज्युनिअर मुलं अधूनमधून विचारतात. (मी सर नाही, पण असो.) बागलाणात तर कथा समोरच उभी आहे. साल्हेर, 1567 मीटर, माथ्यावर परशुरामाचं मंदिर. इथून बाण सोडून त्याने समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं, असं सांगतात. मोह होतो की बाण म्हणजे कसलंतरी अस्त्र करावं. करू नका, ते शेकडो वेळा झालंय. आधी समुद्राचं बघा. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभर समुद्र आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होता आणि मुंबईसमोरचा किनारा शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला. मग बर्फ वितळलं, पाणी चढत आलं आणि गेल्या सहा-सात हजार वर्षांत बरंचसं स्थिरावलं. म्हणजे त्या काळच्या माणसांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्र आत येताना पाहिला. कथा मात्र सांगते की तो मागे गेला.

हा उलटेपणा मिटवायची घाई नको, कादंबरी त्यातच आहे. बुडालेल्या जमिनीवरून घाटाकडे सरकत आलेली माणसं, आणि त्यांच्या नातवंडांना 'आपण पाण्याला हटवलं' असं सांगणारा कुणीतरी. त्याने उलटं का सांगितलं असेल? पहिलं प्रकरण साल्हेरच्या माथ्यावर घेऊ नका, आज पाण्याखाली असलेल्या त्या किनाऱ्यावर घ्या.