पद्मिनीची पट्टी

गेल्या पावसाळ्यात आमच्या पद्मिनीच्या डाव्या दारावरची चंदेरी पट्टी सोलायला लागली. उन्हाने भाजलेल्या पाठीची कातडी निघते, तशी. रंग मीच मारला होता, दोन वर्षांपूर्वी, यूट्यूबवर तीन व्हिडिओ बघून. चारशे नंबरचा पॉलिश पेपर, सिल्व्हर स्प्रेचे दोन डबे आणि एक रविवार. फोटो टाकला तेव्हा कमेंट आली, ‘एकदम शोरूम कंडिशन!’ मला ती भयंकर आवडली होती. आज तीच कमेंट मला जुन्या गाड्यांविषयीच्या आपल्या सगळ्या अभिरुचीचं दुखणं वाटते.

पुण्यामुंबईच्या व्हिंटेज रॅल्यांमध्ये फिरून बघा. गाड्या सुंदर असतात, त्याबद्दल वाद नाही. पण काचेभोवतीच्या आणि दारांवरच्या बारीक पट्ट्यांकडे बघा. बॉडीचा रंग बहुतेक जण जुन्या कॅटलॉगवरून जुळवून घेतात, तिथे चूक सापडणं कठीण. पट्टीपाशी मात्र मालकाची खरी आवड उघडी पडते. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ‘क्रोम इफेक्ट’ स्प्रे मारलेला असतो आणि त्यात तुमचा चेहरा दिसतो. पूर्वी अशा पट्ट्यांवर बहुधा अ‍ॅनोडायझिंग असे. ते केलेलं अ‍ॅल्युमिनियम असं आरशासारखं चमकत नाही, त्याची चमक दुधी असते, थोडी आतून आल्यासारखी. निकल-क्रोम चढवलेला लोखंडी बंपर आणि ही पट्टी यांच्यात मुद्दाम फरक होता. एक बोलका, दुसरी शांत. सगळंच आरसा केलं की गाडी लग्नाच्या बँडसारखी दिसते.

आमच्या गाडीच्या पट्टीला चुंबक चिकटत नाही. (एवढ्यावर विसंबू नका, बऱ्याच स्टेनलेस स्टीललाही तो चिकटत नाही. मी काढून हातात घेतली तेव्हा वजनावरून खात्री पटली.) अ‍ॅल्युमिनियमची गंमत अशी की हवा लागताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच धातूला वाचवतो. अ‍ॅनोडायझिंगमध्ये हाच थर मुद्दाम जाड केला जातो. सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या टाकीत पट्टी टांगून वीज सोडायची, मग उकळत्या पाण्यात त्या थरातली सूक्ष्म छिद्रं बंद करायची. म्हणजे ही चमक वरून लावलेली नसते, धातूतूनच उगवलेली असते. आणि नेमकं त्यामुळेच तिच्यावर रंग धरत नाही. एच प्रायमर हवा, तो मी वापरलाच नव्हता. वर जुना थर भुकटी झालेला. माझा रंग धातूला चिकटलाच नाही, भुकटीला चिकटला. पाणी कडेने आत शिरलं आणि बाकी काम पावसाने केलं.

हे सगळं मला अण्णांनी सांगितलं. अण्णा भोसरीच्या एका अ‍ॅनोडायझिंग शॉपमध्ये अकरा वर्षं टाकीवर होते. आम्ही चाकणला आलो ते नंतर. ही 1984 ची पद्मिनी त्यांनी तिथल्याच पगारातून, मी जन्मलो त्या वर्षी, सेकंडहँड घेतली. मी मात्र पट्टीला रंग मारताना त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. घरात तज्ज्ञ बसलेला आणि मी व्हिडिओ बघत होतो.

रंग सोलल्यावर मी वाचायला लागलो, आमच्या पिढीची सवय. रस्किनने 1849 मध्ये लिहिलं होतं की जीर्णोद्धार हा इमारतीचा सगळ्यात पूर्ण नाश आहे. फ्रान्सचा व्हिओले-ल-द्युक उलट टोकाचा, त्याच्या मते वस्तू अशा पूर्णत्वाला न्यायची, जे कदाचित कधी अस्तित्वातच नव्हतं. शोरूम कंडिशनवाले सगळे नकळत व्हिओले-ल-द्युकचे शिष्य आहेत. जुन्या गाड्यांच्या फिवा या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2012 मध्ये तुरिन सनद मान्य केली. तिच्यात मूळ साहित्य शक्य तितकं जपा, बदललेला भाग ओळखू येईल असा ठेवा, असं आहे. आपल्याकडे 2021 च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली असावीत, चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा बदल नसावा. पद्मिनी हे नावच 1974 चं, म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्या आत्ता कुठे पन्नाशी ओलांडताहेत. आमचीला अजून वेळ आहे. पण या नियमाच्या नजरेत पट्टी नाहीच. तिला कायदा विचारत नाही, म्हणून तिथे प्रत्येकाची हौस मोकाट सुटते.

हे सगळं वाचून मी पक्का रस्किनवादी झालो. अण्णांना म्हटलं, रंग काढू आणि पट्टी तशीच फिकी ठेवू, तो तिचा इतिहास आहे.

अण्णांनी पट्टी हातात घेतली, अंगठ्याने पांढरी भुकटी पुसली आणि म्हणाले, “यात कसला आलाय इतिहास? सीलिंग कच्चं राहिलंय, नाहीतर कुणीतरी सोडा मारलाय.”

सोडा आम्हीच मारला होता. दर दसऱ्याला गाडी धुताना पट्ट्या चकचकीत व्हाव्यात म्हणून आई धुण्याच्या सोड्याने घासायची आणि मी पाणी ओतायचो. क्षार अ‍ॅनोडायझिंगचा थर खातो. अण्णा त्या वेळी बहुतेक शिफ्टला असायचे, म्हणजे आम्हाला थांबवणारं कुणी नव्हतं. वर हार, झेंडूची फुलं आणि खाली आमच्याच हातांनी झिजणारी पट्टी.

इथे माझी समीक्षा अडकली. काळाची खूण जपा म्हणणारा मी, आणि तिच्यात बिघडलेलं काम बघणारा कामगार. फिकेपण आवडणं ही नंतर आलेल्यांची चैन आहे, ज्यांना टाकीच्या वाफेत उभं राहावं लागलं नाही त्यांची. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली तेव्हा फोनवर आलेले हळवे निरोप आठवून बघा. मी वाचलेले जवळपास सगळे मागच्या सीटवरून लिहिलेले होते. स्टिअरिंगजवळचा तो गिअर दिवसभर ओढणाऱ्या खांद्याचा निरोप माझ्या वाचनात आला नाही. तरीही क्रोम इफेक्ट वाईट तो वाईटच, त्यावर मी ठाम आहे. फक्त त्याचं कारण आता बदललंय. तो जुनेपण पुसतो हा मुद्दा दुय्यम. त्याने ज्या कामाची नक्कल केलीय ते काम या पट्टीवर कधी झालंच नव्हतं, आणि जे झालं होतं ते कुणाला माहीतही नाही, हे मला खुपतं.

पट्टी पूर्ण काढली तेव्हा मागची बाजू दिसली. क्लिपच्या आड, जिथे ऊन, सोडा किंवा माझा स्प्रे कधी पोचला नव्हता, तिथे बोटभर जागेत मूळ रंग शाबूत होता. दुधी, किंचित राखाडी. पुन्हा अ‍ॅनोडायझिंग करावं असं अण्णांना वाटत होतं, पण चार पट्ट्यांसाठी कुणी टाकी लावायला तयार होईना. मग रंगच. या वेळी एच प्रायमरवर, मॅट.

तळेगाव रस्त्यावरच्या पेंटरकाकांकडे आम्ही दोघं गेलो. अण्णांनी पट्टी उलटी धरून ती बोटभर जागा दाखवली. काकांनी सिल्व्हरमध्ये थोडा पांढरा टाकला, मग थेंबभर काळा, पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघितला. अण्णांनी चष्मा वर केला, पट्टी उन्हात नेली, परत आणली.

“अजून दुधी करा,” ते म्हणाले.

तो तिसरा डबा होता.